कागदावर एक नाव, कामावर सारे घर

मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझे शाळेतील शिक्षण आठवीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रात्री वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर. तेव्हा आज शिर्डीच्या या व्यासपीठावरून मी जे सांगणार आहे, ते एका कार्यकर्त्याला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न असा : घरोघरच्या माणसांची दुःखे दूर करावयाची असतील, तर नुसता कायदा शिकून भागते काय? की त्याच्या जोडीला समाजशास्त्र, अर्थशास्त्र अशी माणसांच्या व्यवहाराची शास्त्रेही शिकावयास हवीत?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो एका उसाच्या फडात भेटला.

आपल्या गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यात दर दिवाळीनंतर ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात हे तुम्हांस ठाऊकच आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका टोळीतील बाई कोपीतच बाळंत झाली. चौथ्या की पाचव्या दिवशी ती पुन्हा मोळ्या बांधावयास उभी राहिली. हे मला कळले तेव्हा माझे रक्त तापले. प्रसूतिसाह्याच्या कायद्याचे कलम मला तोंडपाठ होते. मागील बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेल्या स्त्रीला पगारी रजा मिळावयास हवी, हे मी ठणकावून सांगितले आणि अर्ज लिहून दिला. अधिकाऱ्यांनी शांतपणे नोंदीचे कागद मागविले. त्या कागदांवर बाईचे नावच नव्हते. उचल नवऱ्याच्या नावावर, करार नवऱ्याच्या नावावर, अंगठा नवऱ्याचा. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरण्याची रीत आहे आणि कोयत्याला नाव असते ते पुरुषाचे. कायद्याच्या दृष्टीने ती बाई त्या फडात नव्हतीच! माझा अर्ज परत आला.

त्यानंतर एक तरुण वकीलबाई आमच्या कचेरीत आल्या. त्यांनी आधी समाजशास्त्र घेऊन बी.ए. केले होते आणि मग एल्एल्.बी. केले होते. त्यांनी कलम विचारलेच नाही. त्या म्हणाल्या, ''काका, बाई कामावर आली नाही तर काय होते?'' मी म्हणालो, ''खाडा पडतो. मुकादम त्या दिवसाचे पैसे कापतो.'' ''मग मुकादमाच्या वहीत तो खाडा लिहिलेला असेल ना?'' वही आणविली. बाळंतपणाच्या दिवसांचे खाडे तीत तारखांसह लिहिलेले होते. जी कामावर नाहीच तिच्या गैरहजेरीचा दंड कसा होईल? दंड आहे त्या अर्थी ती कामगार आहे. त्या वहीच्या बळावर वाटाघाट झाली, आणि पट्टा पडण्याच्या आधी त्या कुटुंबाच्या हाती काही रक्कम पडली. ती पूर्ण हक्काची नव्हती, तडजोडीची होती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. परंतु जे मला तीस वर्षांच्या अनुभवाने दिसले नव्हते, ते त्या मुलीला एका प्रश्नात दिसले. मला कायदा दिसत होता. तिला कायदा आणि घर ही दोन्ही दिसत होती.

अशी दोन विद्यांची सांगड आपल्या महाराष्ट्रात पूर्वी कोणी घातली होती काय, याचा मी शोध घेऊ लागलो. फार दूर जावे लागले नाही. जे नाव आपण रोज घेतो, ज्यांची तसबीर आमच्या कचेरीच्या भिंतीवर आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सारे शिक्षणच या सांगडीचे आहे. आपण त्यांच्या पदव्या मोजतो आणि थक्क होतो. त्या पदव्या कोणत्या क्रमाने आणि कशासाठी घेतल्या, हे मात्र सहसा पाहत नाही.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, पण त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र हे विषय त्यांनी घेतले. १९१५ साली ते एम.ए. झाले. १९१६ च्या ९ मे रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय होते पंचवीस. जातिसंस्थेवर बोलताना ते कोठून आरंभ करतात? देवळापासून नव्हे, पाणवठ्यापासूनही नव्हे. ते आरंभ करतात लग्नापासून. जातीतल्या जातीतच लग्न लावणे हे जातीचे मूळ आहे, असे ते मांडतात. मग जातीत नवरा मेला की बायको 'उरते' आणि बायको मेली की नवरा 'उरतो'. या उरलेल्या माणसांचे काय करावयाचे? या हिशेबातून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह निघाले, असा त्यांचा सिद्धांत आहे. म्हणजे जात टिकते ती घरात, आणि तिचा भार पडतो तो बाईवर. हे त्यांनी कायद्याचे पुस्तक हाती घेण्यापूर्वी समाजशास्त्राच्या अंगाने ओळखले होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ते लंडनला गेले आणि एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातले : अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले, १९२३ साली डी.एस्सी. एकट्या वकिलीवर पोट भरण्यासाठी एवढा उपद्व्याप करण्याची काही गरज नव्हती. बॅरिस्टरी पुरली असती.

या विद्येची किंमत कोणी चुकविली, हेही येथे सांगावयास हवे. रमाबाई मुंबईत चाळीत राहून संसार ओढीत होत्या. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. इतरांची कुटुंबे सावरण्याची विद्या आणताना ज्याच्या स्वतःच्या कुटुंबाला असे भोगावे लागले, त्याच्या शिक्षणाकडे आपण नुसत्या कौतुकाने पाहू नये. ते कशाच्या उपयोगी पडले, याचा जाब घ्यावा. म्हणून पुढची हकिगत.

१९२७ साली ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात आले. १९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी महार वतनाचे बिल मांडले. वतन म्हणजे काय, हे आजच्या तरुणांना सांगावे लागेल. १८७४ च्या कायद्याने गावकामगारांची नोकरी वंशपरंपरेची ठरविली होती. महाराने सरकारी कामासाठी रात्रंदिवस हजर राहावयाचे, आणि मोबदला म्हणून थोडी वतनी जमीन, रयतेकडून मिळणारे बलुते आणि सरकारकडून नाममात्र पैसे. वतनदार स्वतः हजर नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाने काम करावयाचे. नोंद एकाची आणि राबणारे सारे घर! श्रोतेहो, तुम्हांला आमच्या फडातला कोयता आठवला असेल. मलाही तोच आठवला.

बिलात बाबासाहेबांनी काय मागितले पाहा. ज्या वतनदाराला नोकरीतून मोकळे व्हावयाचे असेल त्याला जमीन राखून मोकळे होऊ द्यावे. बलुते धान्याच्या ओंजळीने न देता त्याचे पैशात रूपांतर करावे. आणि महाराने कोणती कामे करावयाची ते नियमांत लिहून काढावे. पहिली मागणी अर्थशास्त्रज्ञाची आहे : पिढ्यान्पिढ्या तुकडे पडत गेलेल्या जमिनीवर घर जगत नाही, हे तो जाणतो. तुकडेबंद शेतीवर त्यांनी १९१८ सालीच लेख लिहिला होता. दुसरी मागणी समाजशास्त्रज्ञाची आहे : दारोदार फिरून मागावे लागणारे वेतन हे वेतन राहत नाही, त्याची भीक होते, आणि ती मागावयास घरची बाई आणि पोरे जातात. तिसरी मागणी वकिलाची आहे : जे काम लिहिलेले नाही त्याला अंत नाही. तीन विद्या एका बिलात आल्या. ते बिल निवड समितीत इतके छाटले गेले की १९२९ साली त्यांनी ते मागे घेतले. पुढे या प्रश्नाने आपल्या जिल्ह्याचे दार ठोठावले. सरकारने वतनी जमिनीवरील जुडी वाढविली तेव्हा १९३९ च्या डिसेंबरात येथून जवळच, हरेगावला, वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. ही कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ साली, म्हणजे पहिल्या बिलानंतर तीस वर्षांनी आणि बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

त्याच १९२८ सालच्या २८ जुलैला कौन्सिलात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिसाह्याचे बिल चर्चेला आले. अशा तऱ्हेचे बिल ना. म. जोशी यांनी त्यापूर्वी मध्यवर्ती विधिमंडळात मांडले होते, पण तेथे ते टिकले नाही. मुंबईच्या कौन्सिलात बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांचा युक्तिवाद असा होता की, बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार वस्तुतः सरकारने उचलावयास हवा. परंतु तिच्या श्रमाचा लाभ मालक घेतो, तेव्हा त्यानेही आपला वाटा उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूतिसाह्य कायदा झाला. या देशातील तो या प्रकारचा पहिला कायदा. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूतिसाह्याच्या कायद्यात त्यांनी दुरुस्त्या घडवून आणल्या. १९६१ साली सबंध देशासाठी प्रसूतिलाभाचा कायदा आला. २०१७ साली बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवड्यांवर गेली, आणि २०२० साली संसदेने या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत ओवल्या.

परंतु १९२९ चा कायदा कारखान्याच्या भिंतीपाशी थांबत होता. शेतात राबणारी बाई त्याच्या बाहेर होती. त्यानंतर कायद्याचे हात लांब झाले हे खरे, तरी फडातल्या बाईपर्यंत ते पोचताना कागद आडवा येतो, हे मी आरंभीच सांगितले. खाड्याची भीती किती खोल जाते याचा एक दाखला देतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात आहेत असा बोभाटा झाला, तेव्हा २०१९ साली सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. रजेचा कायदा पुस्तकात असताना ही पाळी का यावी? कारण कायदा करणाऱ्याने बाईला 'कामगार' म्हणून मोजले आणि टोळीने तिला 'अर्धा कोयता' म्हणून मोजले. या दोन मोजण्यांमधले अंतर ज्याला दिसत नाही, त्याच्या हातातील कलम लुळे पडते.

याच जिल्ह्याशी संबंध असलेली आणखी एक गोष्ट आज विस्मरणात गेली आहे. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा बॅरिस्टर आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरला. पण विषय सुटला नाही. १९३८ च्या १० नोव्हेंबरला मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. तो मांडला स्वतंत्र मजूर पक्षाचे, आपल्या नगर जिल्ह्यातून निवडून आलेले प्रभाकर जनार्दन रोहम यांनी. त्यामागील विचार बाबासाहेबांचे होते. लागोपाठच्या बाळंतपणांनी आईची प्रकृती ढासळते, गरिबाच्या घरी माणशी घास कमी होतो, म्हणून या साधनांचे ज्ञान लोकांना सुलभ व्हावे, असा त्याचा आशय. ठराव फेटाळला गेला. स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सरकारी रीतीने हाती घेतला तो १९५२ साली. नगरच्या एका प्रतिनिधीने तो विषय त्याच्या चौदा वर्षे आधी भर सभेत मांडला होता, याचा आपल्याला अभिमान वाटावयास हरकत नाही.

आता हिंदू कोड बिलाकडे येतो. कोलंबियातील निबंध आणि हे बिल यांच्यामध्ये पस्तीस वर्षांचे अंतर आहे, पण धागा एकच आहे. १९१६ साली विद्यार्थी म्हणून त्यांनी दाखविले की लग्नाचे नियम बाईला बांधतात. कायदामंत्री झाल्यावर त्यांनी ते नियम सोडविण्यास हात घातला. एकपत्नीत्व, घटस्फोटाची सोय, जातीबाहेरील लग्नाला व दत्तकाला मान्यता, विधवेला व मुलीला मिळकतीत हक्क, आणि तो हक्क मर्यादित न ठेवता पूर्ण मालकीचा करणे ही त्या बिलाची मुख्य अंगे होती. त्यातील हुंड्याची तरतूद मला विशेष बोलकी वाटते. हुंडा दिला गेलाच, तर तो सासरच्यांचा होणार नाही. तो विश्वस्त म्हणून ज्याच्या हाती असेल त्याने वधूच्या वतीने सांभाळावयाचा आणि ती अठरा वर्षांची झाली की तिच्या स्वाधीन करावयाचा. 'हुंडा वाईट' एवढे म्हणून सुधारक थांबतो. रूढी एका दिवसात मरत नाही हे समाजशास्त्राचा अभ्यासक जाणतो. आणि रूढी जिवंत असेतो बाईचे नुकसान कसे टाळावे याचे हत्यार, म्हणजे विश्वस्ताची कल्पना, बॅरिस्टराच्या पोतडीत असते.

बिल रखडत गेले. १९५१ च्या सप्टेंबरात अवघी चार कलमे संमत झाल्यावर ते बाजूस ठेवले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्याला इतरही कारणे होती, परंतु हे एक मोठे कारण होते. मग तेच बिल तुकड्यातुकड्यांनी आले. विवाहाचा कायदा १९५५ साली, वारसाहक्काचा आणि अज्ञानांच्या पालकत्वाचा १९५६ साली, आणि दत्तक व पोटगीचा २१ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या निधनानंतर पंधराच दिवसांनी. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा मिळावयास महाराष्ट्रात १९९४ साल उजाडले, आणि साऱ्या देशात २००५.

आणि तरीही शिर्डी-राहात्याच्या बाजूला आज सात-बारा उतारा हाती घेऊन पाहा. शहरे वाढली, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि विक्रीच्या आदल्या महिन्यात बहिणींच्या सह्या घेतल्या जातात. भाऊबीजेची साडी आणि हक्कसोडपत्र यांची गाठ कशी पडते, हे गावातल्या कोणत्याही बाईला विचारा. 'मुलीला हक्क आहे' हे वकील सांगेल. 'पण सही नाकारली तर माहेर तुटेल' ही भीती वकिलाच्या पुस्तकात नाही. ती भीती धरून सल्ला देणारा माणूस हवा.

ही गरज आपल्या कायद्यानेही मान्य केली आहे. १९८४ चा कुटुंब न्यायालयांचा कायदा पाहा. त्यात समुपदेशकांची नेमणूक आहे, समाजकल्याण संस्थांचे साह्य घेण्याची सोय आहे, आणि पक्षकाराला वकील देण्याचा आपोआप हक्क ठेवलेला नाही. महाराष्ट्रात १९८९ साली पुणे व मुंबई येथे ही न्यायालये सुरू झाली. त्याच १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व मुलांसाठी एक खास कक्ष उघडला, जेथे पोलीस ठाण्याच्या आवारातच शिकलेली समाजकार्यकर्ती बसते आणि मार खाल्लेल्या बाईचे आधी ऐकून घेते. ही संस्था १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याची पदव्युत्तर शाळा म्हणून निघाली होती. म्हणजे वाट पडलेली आहे. तिच्यावरून चालणारी माणसे थोडी आहेत.

म्हणून या सभेत बसलेल्या विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, माझे सांगणे आहे. कायदा शिकावयाचा तर त्याचे दोन मार्ग आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा बी.ए.एल्एल्.बी. हा एक, आणि कोणतीही पदवी घेऊन नंतर तीन वर्षांचा हा दुसरा. दुसरा मार्ग घ्याल तर आधीची पदवी समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा समाजकार्य यांची घ्या. आणि दोन्ही मार्गांत सुटीचे महिने फडात, वीटभट्टीवर, लॉजमध्ये चादरी धुणाऱ्या बायांच्या खोल्यांत काढा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते, ही गोष्ट आपल्या तालुक्यातील किती घरांना माहीत आहे ते मोजा. ती मोजणी हाच तुमचा पहिला प्रबंध होऊ द्या.

कोणी म्हणेल, दोन विद्यांना वर्षे फार लागतात, पैसा फार लागतो, आणि गरिबाच्या मुलाला एकच झेपत नाही. हे खरे आहे. मला एकही झेपली नाही. पण मग ज्या गावात देवस्थान आहे, साखर कारखाने आहेत, बाजारपेठ आहे, त्या गावांनी दर वर्षी निदान एका मुलीचा खर्च उचलावा. बाबासाहेबांचेही शिक्षण दुसऱ्यांच्या ओंजळीनेच झाले होते.

त्या फडातील बाई पुढच्या हंगामात पुन्हा आली. आमच्या युनियनने त्या वर्षीपासून मुकादमांकडे एक साधी मागणी लावून धरली आहे : उचलीच्या कागदावर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लिहा. काही टोळ्यांनी मानले, बऱ्याच टोळ्यांनी मानले नाही. त्या बाईच्या टोळीने मानले. कागदावर आपले नाव कोठे लिहिले आहे ते तिने मला बोटाने दाखवावयास लावले आणि बराच वेळ त्यावर बोट ठेवून ती उभी राहिली. तिला वाचता येत नव्हते.